नेरूळच्या तलावाकाठी चालत घेतलेले मानसोपचार : साडेपाच महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मी नेरूळमधील एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे मानसोपचाराची 18 सत्रे घेतली. त्यांपैकी 13 सत्रे चालत झाली, तीही बहुतेक पाम बीच मार्गालगतच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या उद्यानात, तलावाभोवतीच्या वाटेवर. उरलेली 5 त्यांच्या खोलीत झाली. हा प्रकार आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही. मी चौकशी करत होतो त्या दिवसांत मराठीत कोणाचा प्रत्यक्ष अनुभव माझ्या वाचनात आला नाही, म्हणून माझा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे. बाईंचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्यांचा व्यवसाय एकटीचा आहे आणि मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत. माझे मत आधीच सांगतो. मला या उपचाराचा निश्चित उपयोग झाला. चालण्याला त्याचे श्रेय आहेच, पण त्याहून मोठे श्रेय चालण्याच्या मागे असलेल्या आखणीला आहे. आणि जेथे ती आखणी कमी पडली तेथे मला त्रासही झाला.

मी स्थापत्य अभियंता आहे. माझी सगळी नोकरी मलनिःसारण वाहिन्या टाकण्यात आणि त्यांची देखभाल करण्यात गेली. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात, माझ्या देखरेखीखालच्या एका कामावर चरीची बाजू ढासळली आणि एक तरुण मजूर मातीखाली गेला. रीतसर चौकशी झाली, माझ्यावर ठपका आला नाही, मी पुन्हा कामावर रुजू झालो. त्यानंतर मात्र रात्री अडीच-तीनला जाग येणे, छातीत आवळल्यासारखे होणे, पहिल्या पावसानंतर येणारा ओल्या मातीचा वास नकोसा होणे हे सुरू झाले. हृदयाच्या सर्व तपासण्या झाल्या आणि त्या चांगल्या निघाल्या. हृदयरोगतज्ज्ञांनीच मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी काही महिने औषध दिले, झोप थोडी सुधारली, आणि औषधाबरोबर बोलण्याचे उपचारही घ्या, असे त्यांनी बजावले.

हे ‘बोलण्याचे’ उपचार माझ्याकडून होईनात. ज्यांच्याकडे मी आधी गेलो ते समुपदेशक सज्जन होते आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु वातानुकूलित छोटी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉयवर टिश्यूचा डबा आणि समोरच्या माणसाची माझ्या चेहऱ्यावर स्थिरावलेली नजर, एवढ्याने माझी वाचा बसत असे. मला ती खोली चौकशी समितीच्या दालनासारखी वाटे. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ असे उत्तर देऊन परत आलो आणि चौथ्या वेळी गेलोच नाही. माझ्या पिढीतल्या पुरुषांना हे ओळखीचे वाटेल. आमच्या लहानपणी कोणी विचित्र वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे सर्रास म्हणत. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालापासूनचे आहे आणि त्या एका इमारतीच्या नावाने चार-पाच पिढ्यांनी मनाच्या दुखण्याची चेष्टा केली. तो धाक मनात खोलवर बसलेला असतो. चालत सत्रे घेणाऱ्या बाईंचा पत्ता पुढे माझ्या मुलीने शोधून काढला. ती एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्ही साइटवर चालताना जेवढं बोलता, तेवढं घरी बसून कधीच बोलत नाही. एकदा जाऊन तर बघा.”

पहिली दोन सत्रे खोलीतच झाली आणि ती तशीच व्हायला हवीत, असे माझे आता ठाम मत आहे. त्यांत बाईंनी माझी सर्व हकिगत, औषधे, रक्तदाब, गुडघे, झोप याविषयी विचारले. आत्महत्येचे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले. ज्यांची अवस्था तीव्र आहे, ज्यांना भास होतात किंवा ज्यांच्या जिवाला धोका आहे, अशांना आपण चालत सत्र देत नाही आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो, असे त्यांनी सांगितले. मग चालत घ्यायच्या सत्रांसाठी वेगळे संमतीपत्र पुढे ठेवले. उघड्यावर गोपनीयतेची हमी खोलीइतकी देता येत नाही, हे त्यात स्वच्छ मराठीत लिहिले होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 23 नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. तो हक्क उद्यानात कसा सांभाळायचा, ओळखीचे कोणी भेटले तर काय करायचे, घेरी आली किंवा पाय मुरगळला तर कोणाला फोन करायचा, पाऊस आला तर कोठे जायचे, यातील प्रत्येक गोष्टीवर आमची चर्चा झाली आणि जे ठरले ते कागदावर आले. मी आयुष्यभर निविदा आणि करारनामे वाचत आलो असल्यामुळे असेल, पण त्या दोन पानी कागदाने माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

सत्राची पद्धत अशी होती. मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता आम्ही पाण्याकडे तोंड असलेल्या एका ठरावीक बाकावर भेटत असू. पहिली पाच मिनिटे बसून, मग साधारण पस्तीस मिनिटे चालणे, आणि शेवटची दहा मिनिटे पुन्हा त्याच बाकावर. वेग माझा, त्या माझ्या पावलाशी पाऊल जुळवत. वर्षानुवर्षे ब्रेकर आणि कॉम्प्रेसरजवळ उभे राहून माझा डावा कान अधू झाला आहे, हे मी पहिल्या भेटीत सहज बोलून गेलो होतो. त्यानंतर एकदाही त्या माझ्या डाव्या बाजूला आल्या नाहीत. फोन दोघांचेही बंद. हातात वही नाही. टिपणे त्या सत्र संपल्यावर गाडीत बसून लिहीत. मला काय म्हणून हाक मारू, हेही त्यांनी विचारून घेतले होते. कार्यालयात मी ‘साहेब’ असतो आणि इमारतीत ‘काका’. येथे दोन्ही नकोत असे मी म्हणालो, तेव्हापासून आडनावापुढे ‘राव’ लावून हाक मारणे त्यांनी कायम ठेवले. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या वयाने माझ्या मुलीहून आठ-दहा वर्षांनीच मोठ्या असतील.

पहिल्या दोन फेरफटक्यांत मी नवी मुंबईच्या धारण तलावांविषयीच बोललो, हे मला आठवते. हे शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेले आहे. भरतीचे पाणी वस्तीत शिरू नये आणि भरतीच्या वेळी पाऊस झाला तर ते पाणी साठवायला जागा असावी, म्हणून सिडकोने हे तलाव बांधले. भरतीत त्यांची झडप-दारे पाण्याच्या दाबाने बंद होतात आणि ओहोटीला उघडून साचलेले पाणी खाडीत जाते. गाळ आणि कांदळवन वाढल्याने अनेक तलावांची साठवण आता घटली आहे, आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे गाळ काढणे हेही सोपे राहिलेले नाही. हे सगळे मी त्यांना वीस-वीस मिनिटे ऐकवले. खोलीत असतो तर विषय टाळतो आहे, असे मला स्वतःलाच वाटून मी गप्प बसलो असतो. त्यांनी ते मन लावून ऐकले आणि एकच प्रश्न विचारला की, भरती असताना ही दारे कोणी हाताने उघडायचा प्रयत्न केला तर काय होते. मी म्हणालो, उघडत नाहीत, आणि उघडली तर पाणी उलटे आत येते. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही चालत राहिलो.

तिसऱ्या फेरफटक्याला मी ते बोललो. अपघाताच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी त्या कामावर गेलो होतो. चरीच्या शेवटच्या सात-आठ फुटांना शोअरिंग, म्हणजे बाजू ढासळू नयेत म्हणून द्यायचा आधार, लावलेले नव्हते. मी मुकादमाला सांगितले, उद्या सकाळी आधी आधार लावा, मगच पुढचे खोदा. हे वाक्य चौकशीत नोंदवले गेले आहे आणि त्याच आधारावर माझी सुटका झाली. परंतु ते वाक्य बोलण्यापूर्वी मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले होते. मला साडेपाचला एका बैठकीला पोहोचायचे होते. काम त्याच क्षणी थांबवले असते तर तासभर तेथे उभे राहावे लागले असते. घड्याळाकडे पाहिल्याचे मी चौकशीत सांगितले नव्हते, बायकोला सांगितले नव्हते, मनोविकारतज्ज्ञांनाही नाही.

हे बोलताना माझी नजर पाण्यावर होती. कडेच्या चिखलात चार शेकाटे उभे होते, त्यांचे लाल लांब पाय आणि चिखलातली त्यांची पावले मला अजून दिसतात. बोलताना कोणी माझ्याकडे पाहत नव्हते, यातच सगळे आले. शेजारी माणूस आहे, त्याचे पाऊल ऐकू येते, तो ऐकतो आहे हे कळते, आणि तरीही आपला चेहरा कोणाच्या समोर नाही. वाक्य अर्धे राहिले तर ते तसेच राहू देता येते, कारण पाय चालू असतात आणि ती शांतता अवघड वाटत नाही. खोलीत अशी दहा सेकंदे मला असह्य होत. पुढे मला रडू आले तेव्हा बाई थांबल्या, माझ्याकडे न वळता माझ्याबरोबर पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागून चालणारी माणसे निघून जात होती. लांबून पाहणाऱ्याला आम्ही पक्षी पाहत आहोत असेच वाटले असते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “आता बाकापर्यंत चालायचं, की इथेच थांबायचं?” मी म्हणालो, चालू या.

या पद्धतीमागे काही आधार आहे का, हे मी नंतर वाचून पाहिले. कल्पना नवीन नाही. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1910 च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधील लायडन येथे संगीतकार गुस्टाव मालर यांच्याशी गावातून फिरत फिरत सुमारे चार तास केलेले संभाषण प्रसिद्धच आहे. माझ्यासारख्या आघातग्रस्तांसाठी आज वापरल्या जाणाऱ्या ईएमडीआर या, डोळ्यांच्या डाव्या-उजव्या हालचालींचा आधार घेणाऱ्या उपचाराचा उगमही त्याच्या प्रवर्तक फ्रान्सीन शापिरो यांनी 1987 साली एका बागेत चालताना आलेल्या स्वतःच्या अनुभवात सांगितला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना 90 मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात आणि काही जणांना तेवढाच वेळ रहदारीच्या मोठ्या रस्त्याकडेने चालवले. निसर्गात चाललेल्यांच्या मनातले तेच ते विचार घोळवणे कमी झाले आणि त्याच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचालही मंदावली. रस्त्याकडेने चाललेल्यांत तसे घडले नाही. हा अभ्यास निरोगी माणसांवरचा आणि नुसत्या चालण्यावरचा आहे, तेव्हा त्यातून चालत घेतलेल्या मानसोपचाराविषयी थेट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. बाईंनीही तसा दावा कधी केला नाही. पाऊल डावे-उजवे पडल्याने आघात आपोआप बरा होतो, असे सांगणारे कोणी भेटले तर त्यापासून दूर राहावे, असेच मी म्हणेन. माझ्या बाबतीत खरा उपचार हा नेहमीचा, आघातावरचा आणि अपराधभावावरचा मानसोपचार होता. चालल्यामुळे मला त्याच्या दारातून आत जाता आले.

डिसेंबरमध्ये जे घडले ते मात्र मी विसरू शकत नाही. त्या मंगळवारी आम्ही दोन फेऱ्यांनंतर उद्यानाबाहेर पडून पदपथाने थोडे पुढे जायचे ठरवले होते. वळण घेतले आणि समोर दहा पावलांवर खोदकाम. कसलीशी वाहिनी टाकण्यासाठी पदपथ उकरलेला, कडेला काळ्या ओल्या मातीचा ढीग, दोन बॅरिकेड आणि आत वाकून उभा असलेला एक मजूर, ज्याचे फक्त डोके आणि खांदे वर दिसत होते. मला पुढचे काही क्षण नीट आठवत नाहीत. घाम फुटला, कानात घूं आवाज सुरू झाला, पाय जागीच खिळले. बाईंचा आवाज अगदी शांत होता. त्यांनी मला हात लावला नाही. आत्ता आपण नेरूळला आहोत, आज मंगळवार आहे, पायांखाली काय लागते आहे ते मला सांगा, असे त्या बोलत राहिल्या. मग विचारले, “इथून किती मागे गेलं तर तुम्हाला उभं राहता येईल?” आम्ही वीस-पंचवीस पावले मागे आलो आणि एका झाडाच्या कट्ट्यावर बसलो. श्वास जागेवर येईपर्यंत त्यांनी एकही नवा प्रश्न विचारला नाही.

त्यांनी प्रसंग उत्तम हाताळला, यात शंका नाही. परंतु हा प्रसंग यायलाच नको होता. माझा त्रास कशाशी जोडलेला आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. नवी मुंबईत हिवाळ्यात रस्त्यांची आणि वाहिन्यांची कामे सुरू होतात, हे येथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवा रस्ता धरण्यापूर्वी तो आदल्या दिवशी पाहून ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती, आणि पुढच्या सत्रात मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी कोणतेही समर्थन केले नाही. “बरोबर आहे, वाट मी आधी पाहायला हवी होती, ती माझी चूक झाली,” असे त्या म्हणाल्या, आणि त्या सत्राचे शुल्क त्यांनी घेतले नाही. अशी सरळ कबुली मी माझ्या क्षेत्रात फार कमी वेळा ऐकली आहे, आणि ज्या माणसाचा सगळा त्रास एका न बोललेल्या कबुलीत अडकलेला आहे त्याने ती ऐकणे हाही उपचाराचाच भाग ठरला.

त्यानंतरचे काम ठरवून झाले. एका सत्रात खोलीत बसून आम्ही पायऱ्या आखल्या: आधी भरून बुजवलेली चर, मग लांबून दिसणारे खोदकाम, मग बॅरिकेडपाशी दोन मिनिटे, आणि प्रत्येक पायरीला माझी अस्वस्थता शून्य ते दहामध्ये किती, याची नोंद. कोणतीही पायरी नाकारण्याचा अधिकार माझा. जानेवारी आणि फेब्रुवारीत आम्ही हे केले. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या आठवड्यात मी एका उघड्या चरीच्या काठाशी उभा राहिलो. अस्वस्थता सातवरून सुरू झाली आणि नऊ मिनिटांनी तीनवर आली. चरीला शोअरिंग होते. लोखंडी पत्रे नीट बसवलेले होते, जॅक घट्ट होते, शिडीही होती. मी ते सगळे नजरेने तपासले आणि मग माझ्या लक्षात आले की, कित्येक महिन्यांनी मी एखाद्या चरीकडे अभियंता म्हणून पाहत होतो. खोलीत बसून हे घडले नसते. खुर्चीत बसून चर डोळ्यांपुढे आणता येते, पण तिचा वास येत नाही.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी म्हणजे माणसे. ‘ज्वेल’वर सकाळी सहा ते आठ या वेळात अर्धे नेरूळ आणि सीवूड्स फिरायला येते. नोव्हेंबरमध्ये आमच्याच सोसायटीतील एक गृहस्थ समोरून आले आणि ‘अरे वा, आज इकडे कुठे?’ म्हणत आमच्याबरोबर चालू लागले. ठरल्याप्रमाणे बाई काही न बोलता पुढे निघून गेल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. त्या गृहस्थांनी पार्किंगच्या वादावर पूर्ण एक फेरी माझ्याबरोबर केली आणि मला ‘मी घाईत आहे’ असे म्हणणे जमले नाही. माझी तेरा-चौदा मिनिटे गेली. तो वेळ मला भरून मिळाला नाही, कारण लगेच पुढे त्यांचे दुसरे सत्र होते. उघड्यावर सत्र घेताना दोन सत्रांमध्ये वीस मिनिटांची तरी मोकळीक ठेवायला हवी, असे माझे मत आहे आणि त्याबाबत त्यांनी अजून काही बदल केलेला नाही. ‘त्या कोण?’ असा प्रश्न सोसायटीत मला दोनदा विचारला गेला. कार्यालयातील सहकारी, असे मी सांगितले. खोटे बोलावे लागले याचे वाईट वाटले. एकट्या पुरुषाची ही स्थिती असेल, तर एखाद्या सुनेची किंवा महाविद्यालयीन मुलीची किती अडचण होईल, याचा विचार अशी सेवा देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही करावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःच्या नोडपासून, म्हणजे राहत्या वसाहतीपासून, दूरची जागा निवडावी. मी राहतो नेरूळला आणि सत्रेही नेरूळला घेतली, ही माझीच चूक झाली. नंतर आम्ही वेळ बदलून साडेदहाची केली आणि गर्दीचा प्रश्न बराच सुटला, मात्र त्यासाठी मला दर मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली.

दुसरी तक्रार आवाजाची. तलावाच्या ज्या बाजूला पाम बीच मार्ग आहे तेथे वाहनांचा घोंघाट सतत असतो, आणि माझ्यासारख्या अधू कानाच्या माणसाला त्या पट्ट्यात बोलणे नकोसे होते. पाच-सहा मिनिटे आम्ही गप्पच चालत असू. याउलट जानेवारीत दोन सत्रे सीवूड्सकडच्या पाणथळीच्या कडेने मातीच्या वाटेवर झाली, ती मला सर्वांत लाभदायक वाटली. फ्लेमिंगो आलेले होते, चिखलात मान उलटी घालून त्यांचे खाणे चालू होते, आणि त्यांच्या त्या एकसारख्या हलक्या कलकलाटाने कोणाचे बोलणे तुटत नव्हते. ठाणे खाडीला 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तिच्या काठाकाठाच्या अशा पाणथळींचा माणसांच्या मनालाही काही उपयोग आहे, हे आपल्या नियोजनात कोठे तरी यायला हवे, असे मला मनापासून वाटते. मात्र तेथे बसायला बाक नाही, स्वच्छतागृह नाही, आणि ऊन चढले की सावली नाही.

हवेविषयीही लिहिले पाहिजे. हिवाळ्यात सकाळी येथे धूळ आणि धुरके असते. हवेचा निर्देशांक 200 च्या वर असला तर सत्र खोलीत घ्यायचे, हे बाईंनी आधीच ठरवून दिले होते आणि तसे दोनदा झाले. त्या दिवसांत खोलीत बसणे मला आधीइतके जड गेले नाही, हे येथे नमूद करतो.

शुल्क सत्राला 1,800 रुपये, खोलीत आणि बाहेर सारखेच. 24 तास आधी कळवले तर सत्र रद्द केल्याचे पैसे लागत नाहीत. नवी मुंबईत हा दर वाजवी आहे, तरी अनेकांना तो परवडणार नाही याची मला जाणीव आहे. ज्यांना आजच कोणाशी तरी बोलायची गरज आहे त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. ज्यांना चालत उपचार घ्यायचे आहेत त्यांनी समोरच्या व्यक्तीची पात्रता आधी पाहावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मी विचारला, तेव्हा बाईंनी प्रमाणपत्रच पुढे ठेवले. हल्ली बागेत चालत ‘हीलिंग’ करून देणाऱ्या जाहिराती दिसतात. पहिली भेट खोलीत होत नसेल, आजाराची माहिती विचारली जात नसेल आणि संमतीपत्र नसेल, तर तो फेरफटका आहे, त्याला उपचार म्हणता येणार नाही. एखाद्या आघातावर असा फेरफटका अपायकारक ठरू शकतो, हे मी डिसेंबरच्या त्या सकाळी अनुभवले, आणि माझ्या शेजारी तेव्हा प्रशिक्षित माणूस होता.

झोपेविषयी विचाराल तर आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री अजून जाग येते, पूर्वी ती रोज येत असे. मनोविकारतज्ज्ञांनी जानेवारीत औषध कमी केले आणि मार्चमध्ये बंद केले. घड्याळाची गोष्ट मी बायकोला सांगितली. त्या मजुराच्या आईला भेटायला जावे की नाही, यावर आमची शेवटची तीन सत्रे झाली. मी जाईन, पण केव्हा आणि काय बोलेन, हे अजून ठरलेले नाही.

एप्रिलपासून उन्हामुळे आणि पुढे पावसामुळे सत्रे खोलीत घ्यायची, दर पंधरा दिवसांनी एक, असे आम्ही ठरवले आहे. जून महिना मला खोलीत काढायचा आहे आणि त्याची मला धास्ती आहे. पहिल्या पावसानंतर एक सत्र बाहेर घ्यावे, असे मी स्वतःहून सुचवले. बाईंनी ते लगेच मान्य केले नाही. आदल्या आठवड्यात त्या स्वतः वाट पाहून येतील आणि मग सांगतील.